रोजची प्रार्थना सुटत चालली असेल तर: ठाणे–नवी मुंबईतल्या नव्या कॅथलिकांसाठी

बाप्तिस्मा घेऊन जेमतेम वर्ष-दोन वर्षं झालेली मंडळी, लग्नानंतर कॅथलिक घरात आलेल्या सुना आणि जावई, वसईतलं घर सोडून घोडबंदर रोडला किंवा ऐरोली-कोपरखैरण्याला फ्लॅट घेतलेली जोडपी, आणि लहानपणी सगळं तोंडपाठ असूनही मधल्या वर्षांत ज्यांची प्रार्थना कुठेतरी सुटून गेली ते सगळे, यांच्यासाठी हे लिहिते आहे. तुमची तक्रार साधारण एकच असते. रविवारची मिस्सा होते, ख्रिसमसला गोठा सजतो, पण रोज सकाळ-संध्याकाळ देवासमोर बसणं होत नाही. वेळ मिळत नाही असं आपण म्हणतो. वेळ मिळाला तरी बसवत नाही, हे मात्र कुणाला सांगायची लाज वाटते.

लाज बाजूला ठेवा. ख्रिस्तसभेला हा आजार सोळाशे वर्षांहून जास्त काळ ठाऊक आहे. त्याची लक्षणं लिहून ठेवलेली आहेत, त्यावरचे उपायही आहेत, आणि ते आपल्या वन रूम किचनमध्ये, आपल्या लोकलमध्ये चालतात.

आधी दुखणं ओळखा

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकेकट्या खोपटांत राहून प्रार्थना करणारे संन्यासी होते. त्यांच्यातल्या इव्हाग्रियस यांनी (मृत्यू ३९९) माणसाला देवापासून तोडणाऱ्या आठ विचारांची यादी केली. त्यातला सगळ्यात जड विचार त्यांच्या मते आध्यात्मिक आळसाचा. स्तोत्र ९१ मध्ये भरदुपारी येणाऱ्या संकटाचा उल्लेख आहे, त्यावरून ते याला दुपारचं भूत म्हणत. त्यांनी केलेलं वर्णन असं: सकाळी दहाच्या सुमाराला हे भूत येतं आणि दुपारी दोनपर्यंत सोडत नाही. सूर्य हलेनासा होतो, दिवस पन्नास तासांचा वाटतो. संन्यासी सारखा खिडकीकडे बघतो, बाहेर येऊन ऊन किती कललं ते पाहतो, कुणी भेटायला येतंय का याची वाट बघतो. मग ती जागाच नकोशी होते, हातातलं काम नकोसं होतं. बरोबरचे लोक पूर्वीसारखे प्रेमाने वागत नाहीत असं वाटू लागतं, आणि अलीकडे कुणी दुखावलं असेल तर नेमकं तेच आठवत राहतं. दुसरीकडे गेलो तर बरं होईल, देव काय कुठेही भेटतोच, असंही मन सांगतं.

आता हेच आपल्या घरात बघा. रात्रीचे साडेनऊ. रबाळ्याच्या ऑफिसमधून येऊन जेवण उरकलं आहे. खुर्ची भिंतीवरच्या क्रूसाकडे वळवून तुम्ही बसलात. ‘पित्याच्या आणि पुत्राच्या’ म्हणत हात कपाळाला लागतो न लागतो तोच सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरचा मेसेज येतो. तो वाचता वाचता आठवतं, गॅस नोंदवायचा राहिलाय. गॅस नोंदवून झाल्यावर उद्याच्या उसळीसाठी मटकी भिजत घालायची राहिल्याचं लक्षात येतं. मग इस्त्रीचे कपडे. वीस मिनिटांनी खुर्ची तशीच क्रूसाकडे तोंड करून रिकामी आहे आणि तुम्ही ओट्याशी उभ्या आहात. यातलं एकही काम वाईट नव्हतं, म्हणून तर हे लवकर ध्यानात येत नाही.

आळशी म्हटलं की लोळत पडलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. हा आळस मात्र बहुतेक वेळा कामाच्या गडबडीतच दडून बसतो. संत थॉमस अक्विनास (१२२५–१२७४) यांनी त्याचं मूळ नेमकं पकडलं: देवाचा सहवास हे माणसाचं सर्वांत मोठं सुख, आणि त्याच सुखाचं ओझं वाटून मन खिन्न होतं. १९९२ च्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे ख्रिस्तसभेच्या शिकवणीच्या अधिकृत पुस्तकात, परिच्छेद २०९४ मध्ये हा आळस देवावरच्या प्रेमाविरुद्धच्या पापांत मोजला आहे. पुढे २७३३ मध्ये त्याची कारणं दिली आहेत: साधनेतली ढिलाई, कमी झालेला सावधपणा आणि मनाची बेपर्वाई. तीनही गोष्टी एका रात्रीत होत नाहीत, हळूहळू साचतात.

चर्चमध्ये मनापासून राबणाऱ्यांनी इथे जरा थांबून स्वतःकडे बघावं असं मला कळकळीने वाटतं. फीस्टचा मंडप, गायकवृंद, आपल्या विभागाच्या मीटिंगा या सगळ्यात आपण पुढे असतो आणि घरी मात्र आठवडाभर गुडघे टेकत नाहीत, असं फार सहज होतं. सकाळी सहाला सगळ्या नातेवाइकांना बायबलचं वचन फॉरवर्ड करणाऱ्यांचंही तसंच. पाठवायच्या आधी ते वचन स्वतः दोनदा सावकाश वाचलं, तर तेवढ्यानेही दिवसाची सुरुवात बदलते.

थकवा, कोरडेपणा आणि आजार यांना आळस म्हणू नका

पनवेलहून रोज सीएसएमटीला जाऊन येणारा माणूस रात्री रोझरी म्हणताना पेंगला तर तो आळस नव्हे. त्याला झोप हवी आहे. लिझ्यूची संत तेरेझ (१८७३–१८९७) कार्मेल मठातली संन्यासिनी. प्रार्थनेत तिला वारंवार डुलकी लागायची. लेकरू जागं असो की झोपलेलं, आईबापांना सारखंच प्रिय असतं, असं तिने लिहून ठेवलं आहे. थकवा असेल तर प्रार्थनेची वेळ बदला, स्वतःला दोष देत बसू नका.

कोरडेपणा निराळा. त्यात माणूस नेमाने बसतो, पण काहीच जाणवत नाही. शब्द ओठांवर येतात आणि विरून जातात. कोलकात्याच्या मदर तेरेसांनी कित्येक वर्षं असा आतला अंधार सोसला, हे त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या पत्रांतून जगाला कळलं. आविलाची संत तेरेसा (१५१५–१५८२) तर प्रार्थनेची थोर शिक्षिका, पण प्रार्थनेचा तास कधी संपतो म्हणून आपण घड्याळाच्या टोलाकडे कान लावून बसायचो, असं तिनेच सांगितलं आहे. तरी ती बसत होती. फरक ओळखायची सोपी खूण हीच. कोरडेपणात आपण जागेवर असतो आणि चव लागत नाही. आळसात आपण जागेवर जायचंच टाळतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. झोप आणि भूक बिघडली आहे, प्रार्थनाच काय पण गाणं, जेवण, मुलांचं हसणं यातही मन लागत नाही, असं दोन आठवडे सलग चाललं आहे, किंवा जीव नकोसा झाल्याचे विचार येत आहेत, तर ते नैराश्य असू शकतं. त्याला डॉक्टर लागतो. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मोफत बोलता येतं, आणि ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. तुझी प्रार्थना कमी पडली म्हणून असं झालं, असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका. औषध घेत घेत प्रार्थना करता येते, आणि जमत नसेल त्या दिवसांत घरच्यांनी तुमच्या वतीने करावी.

इथे कसली प्रार्थना होणार, असं वाटत असेल तर

वसईहून किंवा गोव्याहून इकडे आलेल्यांकडून हे वाक्य हमखास ऐकू येतं. गावात संध्याकाळ झाली की आजी हाक मारायची, सगळे क्रूसासमोर जमायचे. इथे बाविसाव्या मजल्यावर कोण हाक मारणार? दुःख खरं आहे. पण जागेवर खापर फोडणं हे इव्हाग्रियसच्या यादीतलं ठळक लक्षण आहे, तेव्हा सावध राहा.

ठाण्याला प्रार्थनेचा वारसा नाही असं तर मुळीच समजू नका. एप्रिल १३२१ मध्ये, म्हणजे पोर्तुगीज यायच्या पावणेदोनशे वर्षं आधी, संत फ्रान्सिस यांच्या संघातल्या चार फ्रान्सिस्कनांनी याच ठाण्यात श्रद्धेसाठी प्राण दिले: तोलेंतिनोचे थॉमस, पाद्वाचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे देमेत्रियस. ते चीनला निघाले होते. इथे त्यांचा मुक्काम एका नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या परंपरेतल्या, ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी होता. परक्या गावात, दुसऱ्याच्या घरात, पुढच्या प्रवासाची शाश्वती नसताना त्यांची प्रार्थना चालू राहिली. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी त्यांच्याकडे मध्यस्थी मागावी, असं मी आवर्जून सांगते.

घरातली जागा ठरवायला देव्हाऱ्याएवढी सोय लागते असंही नाही. एक क्रूस, एक बायबल, एक मेणबत्ती आणि एक खुर्ची. जागा रोज तीच ठेवा. पलंग नको, पाठ टेकली की संपलं. टीव्हीसमोरचा सोफाही नको. झावळ्यांच्या रविवारी मिळालेली झावळी क्रूसामागे खोचलेली असेल तर असू द्या, तिच्यावर धूळ बसली की आपल्याला आपोआप कळतं इथे किती दिवसांत कुणी फिरकलं नाही. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. दुसरी खोली नसेल तर स्वयंपाकघरातल्या डब्यांमागे ठेवा, हातभर अंतर पुरत नाही. वचनं मोबाईलवर वाचायची सवय असेल त्यांनी छापील बायबल घ्यावं. चर्चच्या ऑफिसात चौकशी केलीत तर मराठी प्रत कुठे मिळेल ते सांगतील.

वेळ: घरातल्या ठरलेल्या कामाला जोडून

सकाळी उठून प्रार्थना करेन, हा संकल्प टिकत नाही, कारण त्याला धरायला काही नसतं. नळाला पाणी येऊन गेल्यावर, पहिल्या चहाच्या आधी, असं म्हटलंत तर टिकतो. रोज होणारं एखादं काम धरा आणि त्याच्या लगेच आधी किंवा नंतर बसा. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये रात्रपाळी करणाऱ्यांची सकाळ संध्याकाळी उजाडते. त्यांनी उठल्यावरची वेळ धरावी, घड्याळातली सकाळ धरायचा अट्टहास करू नये. मात्र मोबाईल उघडायच्या आधी प्रार्थना, हा क्रम सगळ्यांना सारखाच लागू. एकदा मेसेज वाचायला सुरुवात झाली की मन दिवसभराच्या कामांत उतरतं, मग त्याला वर काढणं अवघड.

किती वेळ? नव्याने सुरू करताना सकाळी दहा मिनिटं आणि रात्री पाच. याहून जास्त नको. नवा उत्साह असतो तेव्हा माणूस पूर्ण रोझरी, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), करुणेची जपमाळ, बायबलचे तीन अध्याय असं सगळं एकदम अंगावर घेतो, दुसऱ्या आठवड्यात एक दिवस हुकतो आणि मग सगळंच सोडून देतो. छोटा नेम न चुकता पाळणं हे या आळसावरचं सर्वांत जुनं औषध आहे.

एक भीतीही काढून टाकते. रविवारच्या मिस्सेचं बंधन आहे आणि गंभीर कारणाशिवाय जाणूनबुजून ती चुकवणं हे मोठं पाप आहे. शिफ्टमुळे रविवार अडत असेल तर शनिवार संध्याकाळची मिस्सा चालते. नवी मुंबईत नवरा-बायकोपैकी एकजण केरळचा असेल आणि कल्याण महाधर्मप्रांताच्या सिरो-मलबार (केरळच्या परंपरेच्या कॅथलिक) चर्चमध्ये जात असेल, तर तिथल्या मिस्सेनेही हे बंधन पूर्ण होतं. रोजच्या प्रार्थनेला मात्र ख्रिस्तसभेने सर्वसामान्य माणसासाठी मिनिटांचा नियम घातलेला नाही. एखादी सकाळ हुकली म्हणून आपण देवाच्या कृपेतून गळलो असं नसतं. त्याच दिवशी रात्री बसायचं, एवढंच.

त्या दहा मिनिटांत नेमकं काय करायचं

मेणबत्ती लावा, क्रूसाची खूण सावकाश करा. मग स्तोत्र ७० ची पहिली ओळ मोठ्याने म्हणा: “हे देवा, माझ्या साहाय्याला ये, प्रभो, मला मदत करायला त्वरा कर.” इजिप्तच्या संन्याशांची शिकवण युरोपात नेणारे जॉन कॅसियन (पाचव्या शतकाचा आरंभ) यांनी ही एकच ओळ दिवसभर जपायला सांगितली होती: भूक लागली तरी, राग आला तरी, प्रार्थनेचा कंटाळा आला तरी. आजही धर्मगुरू आणि सिस्टर्स रोज जी प्रहरांची प्रार्थना म्हणतात, तिची सुरुवात याच हाकेने होते. कंटाळलेल्या माणसाला याहून प्रामाणिक प्रार्थना नाही. मला यावंसं वाटत नाहीये, तूच ये.

नंतर शुभवर्तमान. नवख्यांनी मार्कपासून सुरुवात करावी, चारांतलं ते सगळ्यात छोटं, सोळा अध्यायांचं. एका वेळी एकच प्रसंग घ्या आणि दोनदा वाचा, दुसऱ्यांदा आवाज काढून. घरात कुणी झोपलं असेल तर निदान ओठ हलवून. उदाहरणार्थ दुसऱ्या अध्यायातला पक्षाघाती. चौघे त्याला उचलून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही, म्हणून छप्पर उसकटून खाट खाली सोडतात. तुम्ही त्या घरात कुठे आहात ते बघा. दाराशी गर्दीत? छपरावर घाम गाळणाऱ्यांत? की खाटेवर? प्रार्थना सुटलेल्या माणसाला स्वतःहून आत चालत येता येत नाही, हे या प्रसंगात स्पष्ट दिसतं, आणि येशू आधी आणणाऱ्यांची श्रद्धा बघतो हेही दिसतं. तुम्हाला खाटेसकट कोण उचलून आणतंय, त्यांची नावं घेऊन त्यांच्यासाठी प्रार्थना करा.

मग चार मिनिटं आपल्या शब्दांत बोला. मराठीतच बोला, घरी आईशी बोलता त्या मराठीत. कादोडीत, वसईच्या बोलीत, बोलत असाल तर कादोडीत. देवाशी बोलायला पुस्तकी भाषा लागते हा गैरसमज नव्या लोकांना फार अडवतो. हप्ता थकलाय, सासऱ्यांचा रिपोर्ट यायचाय, बॉसचा राग आलाय, जे असेल ते. काही सुचत नसेल तर गप्प बसा, पण उठू नका. शेवटी प्रभूची प्रार्थना, नमो मारिया, त्रैक्याची स्तुती, आणि मेणबत्ती विझवा.

रात्रीची पाच मिनिटं संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांच्या पद्धतीने घालवा. आजच्या दिवसाबद्दल आभार माना. दिवस नीट दिसू दे म्हणून प्रकाश मागा. सकाळपासून रात्रीपर्यंत दिवस मनात फिरवा. जिथे चुकलं तिथे क्षमा मागा. उद्याची एक गोष्ट ठरवा. घाई असेल तर निदान पहिली पायरी सोडू नका, कारण आळसाला कृतज्ञता अजिबात मानवत नाही. आभार मानायला विशिष्ट गोष्ट घ्या. ‘सगळ्याबद्दल आभार’ म्हटल्याने काही आठवत नाही. ‘आज पावसात रिक्षावाल्याने गेटच्या आतपर्यंत सोडलं’ म्हटलं की तो माणूस डोळ्यांसमोर येतो आणि त्याच्यासाठी प्रार्थनाही होते.

लोकलमध्ये आणि ऑफिसात

ठाण्याहून वाशीला ट्रान्स-हार्बरने जायला साधारण अर्धा तास लागतो आणि पाच दशकांची (एक दशक म्हणजे दहा नमो मारिया) रोझरी पंधरा-वीस मिनिटांत होते. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची, आणि गुरुवारी प्रकाशाची. ही चौथी माळ संत जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये जोडली. गर्दीत माळ काढायला संकोच वाटत असेल तर दहा मण्यांची अंगठी मिळते, नाहीतर हाताची बोटं आहेतच. चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर काढून बसलेल्या माणसालाही दहा बोटं मोजता येतात. लक्ष उडालं तर आता आलेल्या स्टेशनपासून पुढचं दशक धरा, मागे जाऊन भरपाई करत बसू नका.

फक्त एक अट. लोकलमधली रोझरी सकाळच्या दहा मिनिटांच्या जागी नको. लोकलमध्ये आपण देवाला वाटेत भेटतो, घरी त्याच्यासाठी बसतो. दोन्हींची गोडी वेगळी आहे. नुसतंच येताजाता म्हणायला लागलं की हळूहळू तेही कानातल्या इअरफोनला शरण जातं.

कामाच्या मध्यात दोन-तीन छोटे थांबे ठेवा. वाळवंटातल्या संत अँथनींची (पाद्वाचे नव्हेत, इजिप्तचे) एक गोष्ट परंपरेने चालत आली आहे. एकदा त्यांनाही या आळसाने आणि उलटसुलट विचारांनी घेरलं. आता मी काय करू, असं त्यांनी देवाला विचारलं. तेव्हा त्यांना समोर आपल्यासारखाच एकजण दिसला. तो बसून दोर वळत होता, मग उठून प्रार्थना करत होता, पुन्हा बसून दोर वळत होता, पुन्हा उठत होता. असं कर म्हणजे तरशील, असं त्यांना सांगण्यात आलं. तो देवदूत होता. आपला दोर म्हणजे एक्सेल शीट असेल, पोळ्या असतील, पेशंटचे केसपेपर असतील. दुपारी बाराला मोबाईलवर गजर लावा, उभे राहा, देवदूताची प्रार्थना (अँजेलस) म्हणा. ती पाठ नसेल तर एक नमो मारिया. अर्धं मिनिट लागतं, शेजारच्या टेबलावर कळतही नाही.

मन भरकटतं त्याचं काय करायचं

काही करायचं नाही, परत यायचं. भरकटणाऱ्या विचारांच्या मागे त्यांना हाकलायला धावणं म्हणजे त्यांच्याच जाळ्यात सापडणं, असं कॅटेकिझम सांगतो. आणि आपलं मन कुठे गुंतलंय ते त्या विचारांवरून कळतं, हेही तिथेच सांगितलं आहे. दहा मिनिटांत सात वेळा फ्लॅटच्या हप्त्याकडे मन गेलं, तर आजच्या प्रार्थनेचा विषयच हप्ता. तो देवासमोर ठेवा. तरीही मन ठरत नसेल तर आविलाच्या तेरेसाची युक्ती वापरा. तिने कित्येक वर्षं हाताशी पुस्तक घेतल्याशिवाय प्रार्थनेला बसायचं धाडस केलं नाही. चार ओळी वाचायच्या, थांबायचं, मन पळालं की पुन्हा चार ओळी.

अगदीच नको वाटेल त्या दिवशी

या दिवसासाठी इग्नेशियस यांनी दोन नियम घालून दिले आहेत आणि माझ्या मते या लेखातलं सगळ्यात उपयोगी तेच आहे.

पहिला: मन उदास, ओसाड असताना आधी ठरवलेलं बदलायचं नाही. प्रार्थनेची वेळ बदलू, पॅरिश बदलू, ही पद्धत आपल्याला मानवत नाही, हे सगळे निर्णय बरं वाटेल त्या दिवशी घ्यायचे. नको वाटण्याच्या दिवशी सुचलेला बदल बहुधा त्या भुतानेच सुचवलेला असतो. दुसरा: अशा दिवशी ठरल्यापेक्षा थोडं जास्त बसायचं. दहा मिनिटं असतील तर अकरा. नुसतं तग धरण्याऐवजी उलट दिशेने एक पाऊल टाकायचं. ऐकायला कठोर वाटतं, पण करून बघा. ते अकरावं मिनिट आपण देवाला आपण होऊन दिलेलं असतं, त्यात भावनेची मदत नसते.

त्या मिनिटाला म्हणायला स्तोत्र ४२ ठेवा: “हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?” इव्हाग्रियसही या आळसाने ग्रासलेल्याला याच ओळीकडे पाठवत. स्वतःच्याच जिवाला विचारायचं आणि देवाची आशा धर असं त्यालाच सांगायचं.

हे ओसाडपण का आलं, याची तीन कारणं इग्नेशियस सांगतात: आपली ढिलाई, देवाने घेतलेली परीक्षा, किंवा प्रार्थनेतली गोडी ही आपली कमाई नसून त्याची देणगी आहे हे कळावं म्हणून. पहिलं कारण असेल तर सुधारा. बाकीची दोन असतील तर धीर धरा, तुमचं काही चुकलेलं नाही.

घरातल्या इतरांबरोबर

जोडीदार कॅथलिक नसेल तर त्याला किंवा तिला बसायची सक्ती करू नका आणि लपूनही प्रार्थना करू नका. ‘मी दहा मिनिटं बसते, तोवर बाळाकडे बघशील?’ एवढं सरळ विचारलं की बहुतेक घरांत जमतं. मुलांबरोबर रात्री एक दशक पुरे, आणि प्रत्येक नमो मारिया कुणासाठी ते मुलांना ठरवू द्या. शाळेतल्या मित्राच्या हरवलेल्या मांजरासाठीही चालतं. एकट्याला अजिबात टिकत नसेल तर विभागातल्या कुणाशी जोडी लावा. रोज सकाळी ‘झालं’ एवढा एकच शब्द एकमेकांना पाठवायचा, त्यापुढे गप्पा नकोत.

मोठा खंड पडला असेल तर

महिने गेले असतील, वर्षं गेली असतील, तर सुरुवात पापनिवेदनाने करा. तलावपाळीजवळचं सेंट जॉन द बाप्टिस्ट असो, वाशीचं सेक्रेड हार्ट असो, नाहीतर तुमच्या घराजवळचं दुसरं कुठलंही चर्च, नोटीस बोर्डावर किंवा ऑफिसात कन्फेशनची वेळ विचारा. फादरांना वेळ मागून घेतली तर जास्त निवांत बोलता येतं. मराठीतून करायचं असेल तर तसं आधी सांगा. ओळखीच्या फादरांकडे जायला अवघड वाटत असेल तर दुसऱ्या पॅरिशमध्ये जायला काहीच हरकत नाही. तिथे सांगितलेलं फादर कुणालाही, कुठल्याही कारणाने सांगू शकत नाहीत.

शब्द आठवत नाहीत म्हणून कित्येकजण दारातून परत फिरतात. एवढं म्हटलं तरी पुरतं: “फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे. खूप दिवसांनी आलोय, पद्धत विसरलोय.” पुढचं ते विचारून घेतात. प्रार्थनेच्या आळसाबद्दल सांगताना ‘प्रार्थना केली नाही’ एवढ्यावर थांबू नका. टाळली कशी, कशाच्या आड लपलात, देवाच्या जवळ जायचंच नको वाटत होतं का, तेही सांगा. त्यातून फादरांना नेमका सल्ला देता येतो. मोठी पापं असतील तर ती प्रकार आणि संख्या जमेल तितकी आठवून सांगायची. बाकी आठवलं नाही म्हणून घाबरायचं नाही.

फादर प्रायश्चित्त म्हणून जी प्रार्थना सांगतील ती चर्चमधून बाहेर पडायच्या आधीच बाकावर बसून म्हणून टाका. घरी जाऊन म्हणू असं ठरवलं की ती राहते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, मार्कचा पहिला अध्याय काढा.